रोमन दगडावरची अक्षरं कशी वाचायची, तेही लॅटिन न शिकता

कुठल्याही म्युझियममधल्या रोमन दगडाचा फोटो बघा. सगळी कॅपिटल अक्षरं, शब्दांमध्ये धड जागा नाही, कुठे एकच अक्षर कुठे तीन, मध्येच टिंब, आणि बघणारा दोन सेकंद थांबतो नि पुढे जातो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. वाटायचं की हे वाचायचं म्हणजे लॅटिन यायला पाहिजे, विभक्त्या पाठ पाहिजेत, आपलं काम नाही ते. मग एकदा नेटाने बसलो तेव्हा कळलं की बऱ्याच दगडांवर वाक्य असं नसतंच, तो एक भरलेला फॉर्म असतो. नाव, बापाचं नाव, मतदारसंघ, हुद्दे, वय, कोणी बसवला. क्रम ठरलेला, शॉर्टफॉर्म ठरलेले. आणि तो क्रम तसाच का हे विचारत गेलात की त्यांचं सरकार कसं चालायचं, समाजात कोण वर नि कोण खाली, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. राजांची यादी आणि लढायांच्या तारखा घोकण्यापेक्षा हा रस्ता मला तरी सोपा वाटला.

अक्षरं मी इथे मराठीत लिहितोय, म्हणजे एम म्हटलं की दगडावरचा कॅपिटल एम समजा.

आधी लिपी. यू शोधू नका, नाहीये. त्याच्या जागी व्ही कोरलेला असतो, त्यामुळे ऑगस्टस नावातले तिन्ही यू व्हीसारखे दिसतात आणि पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. जे पण नाही, त्याच्या जागी आय. शब्दांमधलं टिंब, कधी गोल कधी त्रिकोणी, ते पूर्णविराम नाही, फक्त शब्द वेगळे करायला आहे. आकड्यांच्या बाबतीत शाळेत शिकलेलं जरा बाजूला ठेवा. चार म्हणजे पाचाच्या आधी एक रेघ हे आपण शिकलो, पण कोलोसियमच्या ४४ नंबरच्या कमानीवर शेवटी सरळ चार उभ्या रेघा आहेत. आणि अठरा कधीकधी एक्स, दोन रेघा, एक्स असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे विसातून दोन वजा. चूक नाही ती, तेव्हा दोन्ही चालायचं.

आता एक गंमत. दगडावर सी दिसला आणि तो नावाच्या सुरुवातीला असेल तर तो माणूस गायस. सीएन असेल तर ग्नायस. ग साठी सी का? कारण रोमनांना अक्षरं ग्रीकांकडून थेट नाही, उत्तरेच्या एट्रस्कन लोकांच्या हातून आली असं मानतात, आणि एट्रस्कन भाषेत ग हा आवाजच नव्हता, मग एकाच अक्षरावर क आणि ग दोन्ही भागवलं. जी हे वेगळं अक्षर इ.स.पू. तिसऱ्या शतकात आलं, पण तोपर्यंत गायसचा सी इतका रुळला होता की कोणी बदलला नाही.

त्या एका सीमध्ये रोमच्या उगमाचा निम्मा भाग येतो. टायबर नदीकाठच्या टेकड्यांवर लॅटिन बोलणारे लोक, शेजारच्या डोंगरातले साबाइन, आणि उत्तरेला श्रीमंत, शहरं बांधणारे एट्रस्कन. परंपरा सांगते की रोम्युलसने इ.स.पू. ७५३ मध्ये २१ एप्रिलला शहर वसवलं, सात राजे झाले, शेवटचा टार्क्विन एट्रस्कन घराण्यातला, त्याला इ.स.पू. ५०९ मध्ये हाकलला. ७५३ हा आकडा खूप नंतरच्या विद्वानांनी मागे मोजत जाऊन काढलाय, त्यामुळे त्यावर जीव टाकू नका. पण रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर इ.स.पू. आठव्या शतकातल्या झोपड्यांच्या खांबांचे खड्डे खरंच सापडलेत. आणि राजे होते याचा पुरावा पण दगडावरच आहे. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात, १८९९ साली काळ्या फरशीखाली एक तुटका खांब सापडला, लॅपिस नायजर म्हणतात त्या जागेला, लेख साधारण इ.स.पू. सहाव्या शतकातला, एक ओळ खालून वर आणि पुढची वरून खाली, नांगर फिरवल्यासारखी. बराचसा लागत नाही, पण राजाला या अर्थाचा शब्द त्यात आहे. तो दगड आपण वाचायच्या भानगडीत पडायचं नाही. पाचशे वर्षांनी खुद्द रोमनांनाही तो नीट लागला नसता.

आता आपला नेहमीचा दगड घेऊ, म्हणजे इ.स.पू. पहिलं शतक ते इ.स. दुसरं शतक यातला. पहिलं अक्षर किंवा दोन अक्षरं म्हणजे पहिलं नाव. ही नावं मोजकीच, वापरातली जेमतेम दीड डझन, म्हणूनच शॉर्टफॉर्म चालतात. एम मार्कस, एल लुसियस, पी पब्लियस, क्यू क्विंटस, टी टायटस, टीआय टायबेरियस, ए ऑलस, डी डेसिमस, एसईएक्स सेक्स्टस. एवढी आली की भागतं.

त्यानंतरचा लांब शब्द, बहुतेक इयस ने संपणारा, हे कुळाचं नाव. ज्युलियस, कॉर्नेलियस, क्लॉडियस, टुलियस. हे सगळ्यात महत्त्वाचं, यावरून माणूस कुठल्या गोतातला ते कळतं. तिसरं नाव मुळात टोपणनाव असायचं, पुढे ते वारशाने चालायला लागलं, आणि रोमन लोक टोपणनावं ठेवताना अजिबात दयामाया दाखवत नसत. बाल्बस म्हणजे तोतरा, स्ट्राबो म्हणजे चकणा, काल्वस टकल्या, क्रासस जाड्या, नासो नाकाड्या. प्रसिद्ध वक्ता सिसेरो, त्याचं नाव हरभऱ्यावरून. असली नावं लावून हे लोक सगळ्यात मोठ्या पदांसाठी निवडणुकीला उभे राहायचे, आणि कोणाला काही वाटायचं नाही.

पण टोपणनावाच्या आधी मध्येच दोन गोष्टी घुसलेल्या असतात आणि तिथेच सगळे अडकतात. एल एफ असं दिसलं तर ते लुसियस फिलियस, लुसियसचा मुलगा. एम एफ म्हणजे मार्कसचा मुलगा. पुढे एन असेल तर नातू. बापाचं नाव नुसतं कौतुकाने लिहिलेलं नाही, ते कायदेशीर आहे. माझा बाप कायद्याने बाप आहे, म्हणजे मी जन्माने स्वतंत्र आहे, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत बसवलंय.

आणि एफ च्या जागी एल असेल तर? इथे मी सणसणीत आपटलो होतो. एका दगडावर एम एल असं होतं, मी खुशाल मार्कस लुसियस असं वाचून मोकळा झालो, दोन नावं असतील म्हटलं, आणि एका ग्रुपवर मोठ्या ऐटीत टाकलं पण. कोणीतरी शांतपणे सांगितलं की तो एल म्हणजे लिबर्टस, मुक्त केलेला गुलाम. मार्कसने सोडलेला. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने सरदाराचा मुलगा नि काल परवापर्यंत बाजारात विकला जाणारा माणूस. तेव्हापासून मी दगड हातात आला, म्हणजे स्क्रीनवर आला, की सगळ्यात आधी एफ की एल हे बघतो, बाकी नंतर.

मुक्त झालेला गुलाम मालकाचं पहिलं नाव आणि कुळाचं नाव घ्यायचा आणि आपलं जुनं नाव तिसऱ्या जागी ठेवायचा. सिसेरोचा सेक्रेटरी टायरो इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त झाला आणि मार्कस टुलियस टायरो झाला. रोमचं वेगळेपण असं की रीतसर सोडलेला गुलाम नागरिक व्हायचा, मत द्यायचा. मात्र स्वतः पदावर बसायला बंदी, आणि जुना मालक आता पेट्रन म्हणून डोक्यावर, त्याची कामं करायची, मान राखायचा. कधी एल च्या आधी उलटा सी दिसतो, आरशात बघितल्यासारखा. तो उलटा सी म्हणजे बाईने मुक्त केलेला. बाईला पहिलं नाव नसायचं ना, मग शॉर्टफॉर्म काय लिहिणार, म्हणून सगळ्या मालकिणींसाठी गाया हे एकच नाव धरलं आणि गायसचा सी उलटा केला.

बापाचं नावही नाही आणि एल पण नाही, असंही सापडतं, आणि ते जास्त बोलकं असतं. रोममध्ये पोर्टा माजोरे नावाचा दरवाजा आहे, त्याच्या बाहेर एक विचित्र थडगं, दगडात गोल गोल भोकं, वरच्या पट्टीत पीठ दळण्यापासून पाव तोलण्यापर्यंत सगळं कोरलेलं. मार्कस व्हर्जिलियस युरिसेसिस, बेकर आणि सरकारी कंत्राटदार. इ.स.पू. पहिल्या शतकातला. पुढे हे थडगं तटबंदीत गाडलं गेलं आणि १८३८ मध्ये ती पाडताना बाहेर आलं. नाव ग्रीक, बापाचा उल्लेख नाही, त्यामुळे बहुतेक अभ्यासक त्याला मुक्त गुलाम धरतात. पण त्याने तो एल लिहिलेला नाही, धंदा मात्र मोठ्या अक्षरात लिहिलाय, आणि शेवटी एक शब्द ज्याचा अर्थ साधारण दिसतंयच की असा होतो. सिनेटरांनी, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेतल्या बड्या लोकांनी, कधी धंदा मिरवला नाही, त्यांचा पैसा जमिनीतून यायला पाहिजे असा संकेत होता. ह्याने मिरवला. मला अख्ख्या रोममधलं सगळ्यात आवडतं थडगं हेच.

मुक्त गुलामाला पद नाही पण त्याच्या मुलाला आडकाठी नाही, ही फट लोकांनी कशी वापरली ते बघायचं तर पॉम्पेई. तिथल्या आयसिस देवीच्या देवळावरचा लेख सांगतो की भूकंपात पडलेलं देऊळ न्युमेरियस पॉपिडियस सेल्सिनसने स्वखर्चाने पायापासून पुन्हा बांधलं आणि त्या उदारपणाबद्दल गावच्या कौन्सिलने त्याला फी न घेता सभासद करून घेतलं, वय वर्षं सहा. सहा! भूकंप इ.स. ६२ चा. पैसा अर्थात बापाचा, अँप्लियाटसचा, जो मुक्त गुलाम असावा असं सगळं सुचवतं, त्याला कौन्सिलमध्ये बसता येत नव्हतं म्हणून पोराला बसवला. आणि पोराच्या नावात एन एफ, न्युमेरियसचा मुलगा, ठळक कोरलंय.

बापानंतर तीन चार अक्षरांचा तुकडा येतो तो मतदारसंघ. सीओआर कॉर्नेलिया, एफएबी फेबिया, क्यूव्हीआयआर क्विरिना, पीएएल पॅलाटिना. पुस्तकात याला ट्राइब म्हणतात आणि तिथेच वाचणारा चकतो, कारण जमात वगैरे काही नाही, तो नागरिकांचा नोंदणीचा वॉर्ड आहे. एकूण ३५, त्यातले ४ शहरातले, ३१ खेड्यांकडचे, आणि ३५ हा आकडा इ.स.पू. २४१ मध्ये पूर्ण झाला, नंतर कधीच वाढला नाही, नवी गावं आहेत त्याच वॉर्डांत कोंबली. यात एक राजकारण आहे. मत एका माणसाचं नाही तर वॉर्डाचं मोजलं जायचं, प्रत्येक वॉर्ड एक मत. मुक्त गुलामांना बहुतेक करून शहरातल्या चार वॉर्डांतच टाकायचे, म्हणजे ते कितीही झाले तरी ३५ पैकी चारच मतं. म्हणून पीएएल दिसला की माझे कान टवकारतात, माणूस किंवा त्याचा बाप आजोबा गुलाम असण्याची शक्यता वाढते, खात्री मात्र नाही.

मोठ्या पदांची निवडणूक तर याहून वाकडी. कॉन्सल हे सगळ्यात वरचं पद आणि प्रेटर त्याखालचं, ही निवडायला लोकांना संपत्तीप्रमाणे १९३ गटांत वाटलेलं होतं. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या श्रेणीचे ८०, झाले ९८, म्हणजे बहुमत. पुढे यात थोडा बदल झाला पण मूळ हिशोब हाच. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांचा मिळून एक गट. मतदान वरून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की थांबायचं. गरिबाला मत होतं, फक्त त्याची पाळी येत नव्हती.

आता हुद्दे. सीओएस कॉन्सल, पीआर प्रेटर, एईडी ईडाइल, क्यू क्वेस्टर, टीआर पीएल प्लेबियन लोकांचा ट्रिब्यून. ही शिडी आहे, खालून वर क्वेस्टर म्हणजे खजिना आणि हिशोब, मग ईडाइल म्हणजे रस्ते, बाजार, खेळ, मग प्रेटर म्हणजे न्यायनिवाडा, मग कॉन्सल. हुकूमशहा सुल्लाने इ.स.पू. ८१ च्या आसपास नियम घट्ट केले, क्वेस्टर २०, प्रेटर ८, क्वेस्टर व्हायला वय किमान ३०, कॉन्सलला ४२. वीसातून दोनच वर पोचणार, त्यामुळे सीओएस ही तीन अक्षरं घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या पुरायची. दोन कॉन्सल, मुदत एक वर्ष, एकाने दुसऱ्याला अडवायचं. हे सगळं राजा परत होऊ नये या भीतीपोटी. वर्षाला नाव पण याच दोघांचं. इ.स.पू. ५९ मध्ये कॉन्सल होते सीझर आणि बिब्युलस, बिब्युलस घरात बसून राहिला, सगळा कारभार सीझरने एकट्याने हाकला, तेव्हा लोक टिंगल करायचे की हे वर्ष ज्युलियस आणि सीझर या दोन कॉन्सलांचं.

ट्रिब्यून या शिडीतला असून वेगळा. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियन म्हणजे सामान्य घराण्यातले लोक कर्जाने पिचले आणि काम, सैन्य सगळं टाकून शहराबाहेर टेकडीवर जाऊन बसले. त्या संपातून हे पद आलं. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं पाप, आणि तो कुठलाही निर्णय नाही म्हणून थांबवू शकायचा. प्लेबियनला कॉन्सलपद खुलं व्हायला इ.स.पू. ३६७ उजाडलं.

सगळ्यात जुनं नीट वाचता येणारं करिअर बघायचं तर व्हॅटिकन म्युझियममधली स्किपिओ बार्बाटसची दगडी शवपेटी. हा इ.स.पू. २९८ चा कॉन्सल. लेख म्हणतो शूर आणि शहाणा माणूस, रूपही गुणाला साजेसं, तुमच्यामध्ये कॉन्सल, सेन्सॉर, ईडाइल होऊन गेला. तुमच्यामध्ये हा शब्द बघा. मेलेला माणूस वाचणाऱ्याशी बोलतोय, तुम्हीच मला मतं दिली होतीत. सेन्सॉर म्हणजे पाच वर्षांनी नागरिकांची नोंद करणारा, कोण सिनेटमध्ये राहणार कोण बाहेर तेही तोच ठरवायचा. सिनेटला पुढे पहिला सम्राट ऑगस्टसने दहा लाख सेस्टर्स मालमत्तेची अट घातली, घोडेस्वार वर्गाला चार लाख. तेव्हा साध्या सैनिकाचा पगार वर्षाला ९०० सेस्टर्स. एक छदाम खर्च न करता त्याला सिनेटर व्हायला अकराशे वर्षं लागली असती.

सम्राटांचे दगड दिसायला भारी पण वाचायला उलट सोपे, कारण साचा एकच. ट्रेजनच्या खांबाखालचा लेख घ्या. सुरुवातीला सिनेट आणि रोमन जनता, मग कोणाला, तर आयएमपी म्हणजे इम्परेटर (विजयी सेनापती), सीझर, देव झालेल्या नर्व्हाचा म्हणजे आधीच्या सम्राटाचा एफ, नर्व्हा ट्रेजन, एव्हीजी म्हणजे ऑगस्टस, जर्मनी आणि डेशिया जिंकल्याची बिरुदं, मुख्य पुरोहित, टीआरआयबी पीओटी १७, आयएमपी ६, सीओएस ६, पी पी म्हणजे राष्ट्रपिता. यात तारीख शोधायची तर टीआरआयबी पीओटी धरा, ट्रिब्यूनचे अधिकार. ऑगस्टसने इ.स.पू. २३ मध्ये ट्रिब्यून न होता फक्त त्याचे अधिकार घेतले, आणि तेव्हापासून सम्राट ते दर वर्षी मोजत गेले. ट्रेजनचं सतरावं वर्ष म्हणजे इ.स. ११३. गंमत अशी की गरिबांचं रक्षण करायला टेकडीवर बसून मिळवलेलं पद शेवटी सम्राटाच्या नावातला वर्ष मोजायचा आकडा झालं, आणि दगडावर तेच सगळ्यात उपयोगी.

पण दगडावर लिहिलंय म्हणून खरं मानू नका. रोममधल्या पँथिऑन या देवळावर एवढ्या मोठ्या अक्षरात आहे, एम अग्रिपा एल एफ सीओएस तिसऱ्यांदा, याने बांधलं. तिसऱ्यांदा कॉन्सल म्हणजे इ.स.पू. २७. समोरची इमारत मात्र त्याच्यानंतर दीडशे वर्षांची, सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेली, विटांवरच्या छापांवरून ते कळलं. हेड्रियनने जुन्याचं नाव ठेवलं आणि भल्याभल्यांना शतकानुशतकं फसवलं. त्याच ओळीत आणखी एक शोधा, कुळाचं नावच नाही. व्हिप्सानियस हे त्याचं कुळ, फार मोठं नव्हतं, ते तो लावायचं टाळायचा असं सांगतात.

बायकांचं नाव वाचणं सोपं आहे नि त्रासदायक पण. कुळाचं नाव स्त्रीलिंगी करायचं, झालं. टुलियसची टुलिया, कॉर्नेलियसची कॉर्नेलिया. दोन मुली असल्या तर दोघी कॉर्नेलिया, थोरली आणि धाकटी, तिसरी असेल तर तिसरी. नंतरच्या काळात दुसरं नाव पण यायला लागलं. लग्न झालं तरी बापाचंच कुळ राहायचं. क्लॉडिया नावाच्या बाईचा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एक लेख आहे, मूळ दगड हरवला, मजकूर उतरवलेला उरला. वाटसरूला म्हणतो, थोडंच सांगायचंय, थांब आणि वाच. नवऱ्यावर मनापासून प्रेम केलं, दोन मुलगे झाले, एक जमिनीवर आहे, एक जमिनीखाली. बोलणं गोड, चालणं नीटस, घर सांभाळलं, लोकर कातली. सांगून झालं, जा आता.

वाटसरू कशाला, तर इ.स.पू. पाचव्या शतकातल्या बारा पाट्यांच्या कायद्याने शहराच्या आत मेलेल्याला पुरायला किंवा जाळायला बंदी होती, म्हणून सगळी थडगी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला, व्हिया अप्पियावर तर रांगच रांग. थडग्यावर वर डी एम असेल तर ते मृतांच्या आत्म्यांना अर्पण, इ.स. पहिल्या शतकाच्या मधल्या काळापासून हे वाढतं, नंतर इतकं सरसकट की छापील कागदासारखं. एच एस ई म्हणजे इथे पुरला आहे. एस टी टी एल म्हणजे माती तुला हलकी लागो. व्हीआयएक्स च्या पुढचा आकडा म्हणजे इतकी वर्षं जगला, आणि ते ४०, ५०, ६० असे गोल आकडे फार दिसतात, कारण बऱ्याच जणांना आपलं नेमकं वय ठाऊकच नव्हतं. व्ही एस एल एम दिसलं तर थडगं नाही हं, तो नवस फेडल्याचा दगड.

आता एक पूर्ण दगड लावून बघू. जर्मनीत बॉनच्या म्युझियममध्ये आहे, फोटो नेटवर पटकन सापडेल. एम केलियस, टी एफ, एलईएम, बीओएन, मग एलईजी आणि तो अठराचा विचित्र आकडा, वय ५३ आणि अर्धं. मार्कस केलियस, टायटसचा मुलगा, लेमोनिया वॉर्ड, गाव बोनोनिया म्हणजे आजचं बोलोन्या, लिजन म्हणजे सैन्याची मोठी तुकडी, तिचा नंबर १८. पुढे एका ओळीत, रोमन सेनापती व्हारसच्या युद्धात पडला. हे इ.स. ९, जर्मनीच्या जंगलात १७, १८, १९ या तीन लिजन संपल्या, आणि ते नंबर रोमने पुन्हा कधी कुठल्या लिजनला दिले नाहीत. मधे केलियस, छातीवर पदकंच पदकं, हातात सेंच्युरियनची, म्हणजे लिजनमधल्या अधिकाऱ्याची, वेलाची छडी. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे चेहरे, खाली नावं, एम केलियस एम एल प्रिव्हाटस आणि एम केलियस एम एल थायामिनस. एफ की एल? एल. त्याने मुक्त केलेले. शेवटी पी केलियस टी एफ एलईएम, भावाने बसवला. भाऊ का, तर बाप तोच, वॉर्ड तोच. हाडं आणून ठेवायला परवानगी आहे असंही लिहिलंय, थडगं मात्र रिकामं, कारण त्याचा देह घरी आलाच नाही.

काळ ओळखायला कुळाचं नाव पण कामी येतं. परदेशी सैनिक सहायक तुकड्यांत २५ वर्षं काढून नागरिक झाला की सम्राटाचं नाव घ्यायचा, म्हणून टायबेरियस क्लॉडियस दिसले की क्लॉडियस किंवा नीरोचा काळ, टायटस फ्लेव्हियस म्हणजे त्यानंतरची मंडळी, मार्कस अल्पियस म्हणजे ट्रेजन. त्या माणसाचे वंशज पण तेच नाव लावतात, एवढं ध्यानात ठेवा. आणि सगळीकडे ऑरेलियसच ऑरेलियस दिसायला लागले तर २१२ नंतरचं समजा. त्या साली सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक करून टाकलं आणि लोकांनी त्याचं कुळनाव लावलं. त्यानंतर बापाचं नाव, वॉर्ड, सगळं दगडावरून गळत जातं. सगळेच नागरिक, मग सिद्ध काय करायचं.

याच कॅराकॅलाने भाऊ गेटाला २११ मध्ये मारलं आणि त्याचं नाव जिथे असेल तिथून खोडायला लावलं. फोरममधल्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवर, जी २०३ ची, वरून चौथ्या ओळीत झूम करून बघा. तिथे भलती स्तुती भरलेली आहे, पण ब्राँझची अक्षरं बसवायची जुनी भोकं तशीच राहिलीत, नव्या अक्षरांशी न जुळणारी. त्यामुळे दगडावर खरवडलेली किंवा खोल गेलेली ओळ दिसली तर ती सोडून देऊ नका, आधी तीच बघा.

सरावाला क्लाउस आणि स्लाबी यांचा नेटवरचा फुकट डेटाबेस आहे, पाच लाखांच्या वर लेख. त्यात कंसातली अक्षरं म्हणजे अभ्यासकांनी भरलेली, गोल कंसात शॉर्टफॉर्म उलगडलेला, चौकोनी कंसात दगड तुटल्यामुळे अंदाजाने भरलेलं. सुरुवातीला चौकोनी कंस जास्त असलेले लेख टाळा, त्यात विद्वानांचं डोकं जास्त आणि दगड कमी असतो. पिस्टर (पीआयएसटीओआर) हा शब्द टाकून बघा, बेकर निघतील एकेक करून, आणि किती जणांच्या नावात एफ आहे नि किती जणांच्या एल ते स्वतः मोजा.